काठी कोणाच्या मापाची?

सेवाग्रामला शाळेची सहल नेली की मुले कशापाशी रेंगाळतील ते सांगता येत नाही. एका वर्षी आमच्या सातवीच्या मुलांचे लक्ष दांडीयात्रेच्या छायाचित्रातल्या काठीवर गेले. बापू झपाझप चालले आहेत, हातात बांबूची लांब काठी, आणि मुठीच्या वरही काठीचा भाग उरलेला. परत येताना बसमध्ये एका मुलीने विचारले, "बाई, काठी लांबच चांगली असते का? माझी आजीपण आजोबांची लांब काठी घेते. पण तिचा खांदा दुखतो."

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आमच्यापैकी कोणालाच नीट देता आले नाही. तरफ, बलाचे घटक, घर्षण हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आलो आहोत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातली काठी किती लांब असावी, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. मग आम्ही दोन-तीन शाळांतले विज्ञान शिक्षक एकत्र बसलो, वाचले, मोजले, स्वतः काठ्या टेकून चालून पाहिले. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत.

काठी एकच, कामे तीन

आधी मुलांना एक यादी करायला सांगितली: गावात कोणकोण काठी वापरते, आणि कशासाठी? यादी बरीच लांब झाली. आर्वी-कारंजाकडे गवळाऊ गाई राखणारे गुराखी काठीवर हनुवटी टेकून तासन्‌तास उभे राहतात. शेताच्या धुऱ्यावरून रात्री जाणारा माणूस काठी पुढे आपटत जातो. आजी काठीवर भार देऊन उठते. अंध माणूस पांढऱ्या काठीने रस्ता चाचपतो. गड चढणारे काठी रोवून अंग वर ढकलतात.

ही कामे नीट पाहिली तर ती तीन गटांत बसतात. पहिले काम भार घेण्याचे. येथे काठी जमिनीला जवळजवळ उभी असते आणि हात तिच्यावर सरळ खाली दाबतो. दुसरे काम ढकलण्याचे; येथे काठी मागे तिरपी होते आणि अंग पुढे जाते. तिसरे काम चाचपण्याचे व तोल सांभाळण्याचे. येथे काठीवर जोर फार थोडा असतो, ती फक्त जमिनीची खबर हाताला देते किंवा क्षणभर आधार देते. या तिन्ही कामांना एकच लांबी चालणार नाही, असा आमचा अंदाज होता. तो खरा ठरला.

भार घेणारी काठी

मुलांना हा प्रयोग करायला सांगा. उजव्या खुब्याच्या थोडे वर, कमरेच्या बाहेरच्या बाजूला बोटे दाबून धरा आणि डावा पाय उचला. बोटांखालचा स्नायू लगेच टणक होतो. का?

एका पायावर उभे असताना आपले कमरेचे हाड ही एक तरफ बनते. खुब्याचा सांधा हा तिचा टेकू. शरीराचा भार टेकूच्या आतल्या बाजूला असतो, तर तो तोलून धरणारा स्नायू बाहेरच्या बाजूला. भार टेकूपासून साधारण १० सेंटिमीटरवर पडतो, स्नायू मात्र साधारण ५ सेंटिमीटरवरच ओढतो. म्हणजे स्नायूला भाराच्या दुप्पट जोर लावावा लागतो.

६० किलोग्रॅम वजनाचे माणूस घेऊ. उभ्या पायाचे स्वतःचे वजन सोडले तर सुमारे ५० किलोग्रॅम भार तरफेवर येतो. तो तोलण्यासाठी स्नायूचा जोर ५० × १० ÷ ५ = १०० किलोग्रॅम. टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्हींची बेरीज येते: १५० किलोग्रॅम. शरीराच्या वजनाच्या अडीच पट! चालताना प्रत्येक पावलाला आपला खुबा हे सोसत असतो. तरुणपणी त्याचे काही वाटत नाही. सांधा झिजल्यावर मात्र प्रत्येक पाऊल दुखते.

आता डाव्या हातात काठी द्या आणि तिच्यावर फक्त ८ किलोग्रॅम जोर द्यायला सांगा. उजव्या खुब्यापासून ही काठी सुमारे ३५ सेंटिमीटरवर टेकते. तिच्या वरच्या रेट्याचे आघूर्ण ८ × ३५ = २८०. भाराचे आघूर्ण ५० × १० = ५००. उरले २२०, म्हणजे स्नायूला आता ४४ किलोग्रॅमच जोर लावायचा आहे. सांध्यावर येतात ४४ + ५० − ८ = ८६ किलोग्रॅम. हाताने दाबले फक्त ८ किलोग्रॅम, आणि सांध्यावरचे ओझे ६४ किलोग्रॅमने उतरले. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतील. पण तरफेचा फायदा केवढा मोठा आहे ते त्यातून दिसते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. पुष्कळ जण दुखतो त्याच बाजूला काठी धरतात. मग लांब भुजेचा फायदा मिळत नाही आणि माणूस काठीकडे कलून लंगडत राहतो.

मग लांबी किती? येथे खुब्याकडून कोपराकडे यावे लागते. काठीवर दाबताना कोपर आणखी दुमडू नये म्हणून दंडाच्या मागचा स्नायू ओढून धरतो. तो कोपराच्या मागे अवघ्या अडीच सेंटिमीटरवर जोडलेला असतो. तळहात कोपरापासून ३० सेंटिमीटरवर धरू. काठी इतकी लांब असेल की कोपर काटकोनात दुमडावे लागते, तर ८ किलोग्रॅम दाबण्यासाठी त्या स्नायूला ८ × ३० ÷ २.५ = ९६ किलोग्रॅम जोर लावावा लागेल. म्हाताऱ्या हाताला हे जमत नाही. मग तो खांदा वर उचलून दाबायचा प्रयत्न करतो, आणि खांदा दुखू लागतो. तेच कोपर फक्त २० अंशांत वाकलेले असेल, तर भुजा ३० वरून सुमारे १० सेंटिमीटरवर येते आणि स्नायूचा जोर तिपटीने कमी होतो.

अगदी सरळ हात ठेवला तर? तोही उपयोगाचा नाही. काठी उचलून पुढे टाकायला आणि ती टेकताना बसणारा धक्का जिरवायला कोपरात थोडी जागा लागतेच. शिवाय काठी आखूड झाली की माणूस एका बाजूला झुकतो आणि पाठ धरते. म्हणून कोपर २० ते ३० अंश वाकेल अशी लांबी योग्य समजतात. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर मनगटाची घडी जेथे येते, तेथवरच्या उंचीची काठी घेतली की हा कोन आपोआप साधतो. ही उंची माणसाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी कमी भरते.

ढकलणारी काठी

मग बापूंची लांब काठी चुकीची होती का? मुळीच नाही. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाले तेव्हा ते साठ वर्षांचे होते आणि पुढच्या २४ दिवसांत त्यांनी सुमारे ३८५ किलोमीटर वाट तुडवली. १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेव्हाही सकाळ-संध्याकाळचे फिरणे सुटले नव्हते. त्यांच्या काठीचे काम आजीच्या काठीहून वेगळे होते.

ढकलणाऱ्या काठीचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे तो बर्फावरच्या लोकांनी. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे बर्फाचे काय, असे वाटेल. पण स्कीइंग करणाऱ्यांनी काठीचा सेंटिमीटर न्‌ सेंटिमीटर मोजला आहे, म्हणून आपल्याला त्यांच्याकडून शिकता येते. पायाला लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणे म्हणजे स्कीइंग. आपल्याकडे काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडमधील औली येथे ते चालते. स्की करणारे दोन्ही हातांत एकेक काठी घेतात. जुन्या काळी मात्र एकच लांब काठी वापरण्याची पद्धत होती.

आधी थोडे गणित. काठीतून आपण तिच्या लांबीच्या दिशेने जोर लावतो. काठी उभी असेल तर सगळा जोर जमिनीत जातो, पुढे ढकलणारा भाग शून्य. काठी जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल तर १० किलोग्रॅम जोरातले ५ किलोग्रॅम पुढे ढकलतात. ४५ अंशांत ७. ३० अंशांत जवळजवळ ९. म्हणजे काठी जितकी आडवी, तितका पुढचा रेटा जास्त.

आता १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस घ्या. ढकलताना त्याचा हात कमरेशी, जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आला आहे. काठी ९० सेंटिमीटरची असेल तर ती त्या क्षणी जमिनीशी सुमारे ६३ अंशांत असते आणि १० किलोग्रॅम जोरातला साडेचार किलोग्रॅमच पुढे कामाला येतो. काठी १३७ सेंटिमीटरची असेल तर कोन सुमारे ३६ अंश, आणि पुढचा रेटा ८ किलोग्रॅम. हात तोच, जोर तोच, पण लांब काठीने काम जवळजवळ पावणेदोन पट झाले. शिवाय लांब काठीचे टोक जमिनीवर जास्त वेळ टिकते, त्यामुळे रेटा जास्त अंतरभर मिळतो.

म्हणूनच स्कीइंगच्या पद्धतीप्रमाणे काठीची लांबी बदलते. १६५ सेंटिमीटरच्या माणसासाठी ती अशी:

डोंगर उतरताना: उंचीच्या सुमारे ०.७ पट, म्हणजे ११५ सेंटिमीटर.
सपाटीवर, पारंपरिक पद्धतीने: ०.८३ पट, म्हणजे १३७ सेंटिमीटर.
सपाटीवर, स्केटिंग पद्धतीने: ०.९ पट, म्हणजे १४८ सेंटिमीटर.

डोंगर उतरताना ढकलण्याचे काम गुरुत्वाकर्षणच करते. काठी फक्त वळण घेताना क्षणभर टेकवायची असते, म्हणून ती आखूड. दुकानात ती मोजण्याची युक्ती मजेदार आहे. काठी उलटी करून मूठ जमिनीवर टेकवतात आणि टोकाजवळच्या चकतीच्या लगत धरतात. कोपर काटकोनात आले की लांबी बरोबर. चकतीपलीकडचे टोक प्रत्यक्षात बर्फात रुतणार, म्हणून ते हिशेबातून वगळायचे.

सपाटीवर मात्र अंग स्वतःच पुढे न्यावे लागते. पारंपरिक पद्धतीत दोन्ही पट्ट्या समांतर ठेवून चालल्यासारखे एकेक पाय आणि एकेक हात टाकतात. हात खांद्याच्या फार वर जात नाही, म्हणून काठी खांद्याएवढी. स्केटिंग पद्धतीत पाय तिरपे फेकतात आणि दोन्ही काठ्या एकदम रोवून वरच्या अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकतात. म्हणून काठी हनुवटीच्याही थोडी वर, ओठांपर्यंत.

मग त्याहून लांब का नको? कारण ती रोवायला हात डोक्यापर्यंत उचलावा लागेल, आणि तेथून हाताला जोर लागत नाही. पुढे आणतानाही ती अडखळेल. लांबीचा फायदा एका मर्यादेपर्यंतच.

लांबीचा परिणाम केवढा असतो याचा एक चांगला दाखला स्पर्धांमध्ये सापडतो. पारंपरिक पद्धतीच्या शर्यतीत काही खेळाडू लांब काठ्या घेऊन पायांचे काम जवळजवळ सोडूनच देऊ लागले. नुसत्या हातांनी ढकलत शर्यत पुरी करू लागले. चालण्यासारखी ती जुनी पद्धतच मोडीत निघते की काय, अशी भीती निर्माण झाली. म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१६-१७ च्या मोसमापासून नियम केला की पारंपरिक शर्यतीत काठी खेळाडूच्या बुटांसह उंचीच्या ८३ टक्क्यांहून लांब असू नये. पायांनी कसे चालावे ते वाचवण्यासाठी काठीला माप घालावे लागले.

चढ, उतार आणि चाचपणी

डोंगरवाटेवर चढताना जमीन पुढे उंच येते, म्हणून काठी आखूड हवी; उतरताना पुढची जमीन खोल जाते, म्हणून लांब हवी. गिर्यारोहकांच्या काठ्यांची नळी सरकवून लांबी पाच-दहा सेंटिमीटरने कमी-जास्त करता येते. बापूंच्या काठीला अशा नळीची गरज नव्हती. गुळगुळीत लांब बांबूला वरून, मधून, खालून कोठेही धरता येते. हात सरकवला की लांबी बदलली! लांब काठी चालत्या माणसाला सोयीची असते ती यामुळे. मात्र तिच्या माथ्यावर तळहात ठेवून सरळ खाली भार देता येत नाही. उतारवयात भार देण्यासाठी बापू बरोबरच्या मुलींच्या खांद्यांवर हात ठेवत, आणि त्यांना आपल्या काठ्या म्हणत.

अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीचा हिशेब आणखी वेगळा. ती भार घेत नाही, ढकलतही नाही. पुढचे पाऊल जेथे पडणार तेथे आधी तिचे टोक पोहोचले पाहिजे. साधारण छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंतची लांबी त्यासाठी धरतात. झपाझप, लांब टांगा टाकत चालणाऱ्याला त्याहून लांब काठी लागते, कारण खड्डा कळल्यावर थांबायला त्याला जास्त अंतर हवे असते.

वर्गात करून पाहा

१. वजनकाट्यावर उभे राहा आणि काठी काट्याबाहेर जमिनीवर टेकवून दाबा. वजन जितके कमी दिसेल तितका भार काठीने घेतला. आता मनगटाएवढ्या आणि छातीएवढ्या काठीने हाच प्रयोग करा. कोणत्या काठीवर जास्त वेळ, न थकता दाबता येते?

२. काठी उभी धरून तिच्या लांबीच्या दिशेने दाबत हळूहळू तिरपी करा. कोणत्या कोनात टोक घसरते ते कोनमापकाने मोजा. उभ्या रेषेपासूनच्या या कोनाची स्पर्शज्या म्हणजेच घर्षणांक. २७ अंशांत घसरली तर घर्षणांक सुमारे ०.५. हे मोजमाप सारवलेली जमीन, सिमेंट, कोरडी फरशी आणि ओली फरशी यांवर करा. मग टोकाला रबरी टोपण बसवून पुन्हा करा. घसरणाऱ्याला सावरायला एक जण शेजारी उभा हवाच.

३. प्रत्येकाने आपली उंची, मनगटाची, कोपराची आणि खांद्याची उंची मोजावी आणि उंचीने भागावे. वेगवेगळ्या उंचीच्या मुलांचे भागाकार किती सारखे येतात ते पाहण्यासारखे आहे.

४. घरी काठी वापरणारे कोणी असेल तर त्यांच्या परवानगीने मोजावे. त्यांनी नेहमीच्या चपला घालाव्यात, जमेल तितके ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. काठी उलटी करून मूठ जमिनीवर टेकवावी आणि मनगटाच्या घडीपाशी खूण करावी. रबरी टोपणाची जाडी त्यातून वजा करावी. बांबू शक्यतो गाठीलगत कापावा, म्हणजे टोक पोकळ राहत नाही. आणि एकदम कापू नये. कापलेली काठी वाढत नाही. थोडी कापावी, चालून पाहावे, मग ठरवावे. ज्यांचा तोल वारंवार जातो किंवा ज्यांचे नुकतेच हाड मोडले आहे, त्यांना आधी डॉक्टरांना दाखवावे.

आजीची काठी

चौथा प्रयोग त्या मुलीने घरी केला. आजोबा उंच होते, आजी ठेंगणी. काठीची मूठ आजीच्या मनगटाच्या घडीपेक्षा चांगली चार बोटे वर येत होती, म्हणून दाबताना तिचा खांदा उचलला जाई. शिवाय ती काठी दुखऱ्या पायाच्याच हातात धरत होती. आता कापायची एवढेच राहिले होते. पण घरात कोणाचे धाडस होईना. ती आजोबांची आठवण होती.

शेवटी आजीच म्हणाली, "काप नं बाप्पा. चालाले त मलेच लागते. त्याईले का आता कोठी जायाचं हाय?"

मुलीच्या काकांनी करवत आणली. दोनदा थोडी थोडी कापली, रबरी टोपण बसवले आणि काठी दुसऱ्या हातात दिली. पहिले दोन दिवस आजीला ते अवघड गेले, हात चुकत होता. आठवड्याने मुलीने वर्गात सांगितले, की आजी आता देवळापर्यंत जाऊन येते आणि खांदा कमी दुखतो. कापलेला तुकडा आजीने टाकू दिला नाही. तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे.

तरफेचा धडा आम्ही आता काठीपासून सुरू करतो. पहिला गृहपाठ एकच असतो: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची काठी मोजून या.